घरगुती संगणकजाळ्याची फायबर ब्रॉडबँडसाठी पूर्वतयारी

घरगुती संगणकजाळ्याची फायबर ब्रॉडबँडसाठी पूर्वतयारी म्हणजे प्रकाशीय तंतूद्वारे मिळणारी वेगवान आंतरजाल जोडणी घरात येण्यापूर्वी घरातील तारा, राउटर, वाय-फाय, वीजपुरवठा आणि सुरक्षा यांची तपासणी करून त्यांत आवश्यक ते बदल करणे. फायबर जोडणी घराच्या उंबरठ्यापर्यंत कितीही वेग आणू शकली, तरी तो वेग माजघरातील संगणकापर्यंत किंवा मागच्या खोलीतील मोबाइलपर्यंत पोहोचेलच असे नाही. सेवादात्याची जबाबदारी सामान्यतः घरात बसवलेल्या पहिल्या उपकरणापर्यंत असते; त्यापुढचे जाळे ग्राहकाचे असते. त्यामुळे मासिक शुल्क वाढवूनही प्रत्यक्षातला वेग न वाढल्याच्या अनेक तक्रारींचे मूळ घराबाहेर नव्हे, तर घरातच सापडते.

ग्रामीण महाराष्ट्रात या विषयाला वेगळे महत्त्व आहे. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावात आंतरजाल ही केवळ मनोरंजनाची सोय राहिलेली नाही. महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा उतारा, ई-पीक पाहणीची नोंद, प्रवेशपरीक्षेचे प्रवेशपत्र आणि बँकेचा व्यवहार या सर्वांची वाट आता आंतरजालावरून जाते. अर्जाच्या अखेरच्या दिवशी जोडणी तुटली, तर विद्यार्थ्याचे वर्षभराचे आर्थिक साहाय्य अडू शकते. म्हणून वेगाइतकेच जोडणीचे सातत्यही या तयारीचे उद्दिष्ट ठरते.

## पार्श्वभूमी

काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने दूरवर संदेश पाठवता येईल, हे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मांडले. तंतूतील प्रकाशाची घट काचेच्या मूळ गुणामुळे नसून तिच्यातील अशुद्धींमुळे होते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी पुरेशी शुद्ध काच तयार करून ही कल्पना व्यवहारात आणली. या कार्यासाठी काओ यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्या काळी दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरूनच संगणक जोडला जाई. 'ब्रॉडबँड' या शब्दाची शासकीय व्याख्या काळानुसार बदलत गेली. २००४ च्या धोरणात किमान २५६ किलोबिट प्रति सेकंद वेगाला ब्रॉडबँड म्हटले गेले. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट प्रति सेकंद करण्यात आली. आज फायबर जोडणीचे प्रचलित वेग या किमान मर्यादेच्या पंधरा ते पाचशे पट आहेत.

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मान्यता दिली. हाच प्रकल्प पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखला जाऊ लागला. डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींचे उद्दिष्ट गाठल्याचे घोषित झाले. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य शासनाने 'महानेट' या नावाने हाती घेतले. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमास मंजुरी दिली. मूळ रचनेत तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली केबल एका सरळ रेषेत ग्रामपंचायतीपर्यंत जाई. रस्त्याच्या कामात ती एका जागी तुटली की पुढची गावे बंद पडत. सुधारित कार्यक्रमात वलयाकार रचना स्वीकारण्यात आली, जेणेकरून एका बाजूची केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहावी.

ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत आलेला तंतू आणि गावातील घर यांतील अंतर 'शेवटचा टप्पा' म्हणून ओळखले जाते. हा टप्पा भारत संचार निगमाचे स्थानिक भागीदार, खासगी कंपन्या किंवा गावातील केबलचालक पूर्ण करतात.

## फायबर जोडणीची रचना

घरगुती फायबर सेवा बहुधा 'निष्क्रिय प्रकाशीय जाळे' या पद्धतीवर चालते. सेवादात्याच्या केंद्रातील यंत्रास ओएलटी म्हणतात. तेथून निघालेला एक तंतू वाटेतील विभाजकात अनेक शाखांत विभागला जातो. एका तंतूवर साधारणतः ३२ किंवा ६४ घरे जोडली जातात. विभाजकाला विजेची गरज नसते. म्हणून या जाळ्याला 'निष्क्रिय' हे विशेषण लागले. घरात भिंतीवर किंवा टेबलावर बसवलेल्या उपकरणास ओएनटी म्हणतात. ते प्रकाशाचे रूपांतर विद्युत संकेतात करते.

भारतात मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या जीपॉन या मानकात केंद्राकडून घरांकडे एकूण २.४८८ गिगाबिट आणि घरांकडून केंद्राकडे १.२४४ गिगाबिट प्रति सेकंद एवढी क्षमता असते. ही क्षमता एका तंतूवरील सर्व घरांत वाटली जाते. एकाच तंतूतून दोन्ही दिशांनी संदेश जातात. येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी १४९० नॅनोमीटर, तर जाणाऱ्याची १३१० नॅनोमीटर असल्याने ते एकमेकांत मिसळत नाहीत.

ओएनटीपर्यंत पोहोचणारा प्रकाश अत्यंत क्षीण असतो व तो 'डीबीएम' या एककात मोजतात. उणे २० डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटचा शंभरावा भाग. या मापनात दर ३ एककांच्या घटीला शक्ती निम्मी होते. जीपॉन उपकरणे साधारणपणे उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचू शकतात. मात्र त्या सीमेच्या अगदी जवळ असलेली जोडणी पावसाळ्यात किंवा केबलला किंचित वाक बसताच तुटू लागते. उणे १५ ते उणे २४ यांच्या दरम्यानचा आकडा समाधानकारक मानता येतो. तंत्रज्ञाकडील मापकावर किंवा ओएनटीच्या माहितीपानावर हा आकडा दिसतो. जोडणीच्या दिवशीच तो विचारून टिपून ठेवणे हितावह असते.

## वेग आणि त्याची एकके

जोडणीचा वेग 'मेगाबिट प्रति सेकंद' या एककात सांगितला जातो, तर संगणकावरील धारिकांचा आकार 'मेगाबाइट'मध्ये दाखवला जातो. आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट माहिती उतरते. एक गिगाबाइट आकाराची धारिका उतरवण्यास ४० मेगाबिट वेगाने सुमारे ३ मिनिटे २० सेकंद, १०० मेगाबिटने ८० सेकंद आणि ३०० मेगाबिटने सुमारे २७ सेकंद लागतात.

अधिक वेग घेण्यापूर्वी गरजेचा अंदाज बांधणे उचित ठरते. दृक्‌श्राव्य संभाषणाला साधारण १ ते ४ मेगाबिट, उच्च प्रतीच्या चित्रफितीला ५ ते ८ मेगाबिट आणि '४के' चित्रफितीला १५ ते २५ मेगाबिट वेग पुरतो. एकाच वेळी एक जण ऑनलाइन वर्गात, दुसरा दूरचित्रवाणीसमोर आणि तिसरा मोबाइलवर असलेल्या पाच माणसांच्या कुटुंबाला स्थिर ५० ते १०० मेगाबिट सहसा पुरेसे असतात.

वेगाखेरीज 'विलंब' ही बाब महत्त्वाची असते. संदेश पाठवल्यापासून उत्तर परत येईपर्यंतचा हा काळ मिलिसेकंदात मोजतात. संभाषणात आवाज तुटणे किंवा अर्जाचे पान मध्येच अडकणे यामागे कमी वेगापेक्षा वाढलेला विलंब आणि हरवलेले संदेश ही कारणे अधिक वेळा असतात. शासकीय अर्ज भरण्यास १ मेगाबिटही पुरतो. त्यासाठी हवे असते ते न तुटणारे जाळे.

## सर्वांत अरुंद दुवा

कालव्यात कितीही पाणी सोडले, तरी शेतात पोहोचणारे पाणी चारीच्या सर्वांत अरुंद जागेवर अवलंबून असते. घरगुती जाळ्यालाही हाच न्याय लागू होतो. ओएनटी, जोडतार, राउटर, वाय-फाय आणि मोबाइल या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा अंतिम वेग ठरवतो. नेहमी आढळणाऱ्या दुव्यांची व्यावहारिक मर्यादा स्थूलमानाने पुढीलप्रमाणे सांगता येते.

| दुवा | नाममात्र वेग (मेगाबिट) | प्रत्यक्षात मिळणारा वेग (मेगाबिट) |
|---|---|---|
| जुन्या राउटरचे 'फास्ट इथरनेट' छिद्र | १०० | सुमारे ९४ |
| 'गिगाबिट इथरनेट' छिद्र | १,००० | सुमारे ९४० |
| वाय-फाय ४, २.४ गिगाहर्ट्‌झ, दोन अँटेना | १४४ | ४० ते ८० |
| वाय-फाय ५, ५ गिगाहर्ट्‌झ, दोन अँटेना | ८६७ | ४०० ते ६०० |
| वाय-फाय ६, ५ गिगाहर्ट्‌झ, दोन अँटेना | १,२०१ | ६०० ते ८०० |

वाय-फायचे प्रत्यक्ष आकडे उपकरण त्याच खोलीत असतानाचे आहेत. भिंती आणि अंतर वाढताच ते झपाट्याने खाली येतात. ३०० मेगाबिटची योजना घेतलेल्या घरात जुना राउटर तसाच ठेवला, तर वेग ९४ च्या पुढे जाणार नाही, हे या कोष्टकावरून स्पष्ट होते.

## पूर्वतयारीचे टप्पे

### विद्यमान जाळ्याची पाहणी

पहिला टप्पा मोजणीचा आहे. घराचा साधा आराखडा कागदावर काढून प्रत्येक खोलीत सकाळी, दुपारी आणि रात्री वेग मोजावा व आकडे त्यावर लिहावेत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे 'मायस्पीड' हे ॲप यासाठी उपलब्ध आहे. एक मोजणी राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावर करावी. तारेवरचा वेग पूर्ण आणि वाय-फायचा अपुरा असेल, तर दोष घरातील वाय-फायचा असतो. दोन्ही अपुरे असतील, तर राउटर, तार किंवा बाहेरची जोडणी तपासावी लागते. ही नोंद नसेल, तर नवी जोडणी खरोखर सुधारली की नाही हे सांगता येत नाही.

### केबलचा मार्ग आणि ओएनटीची जागा

ओएनटी कोठे बसवावे हा निर्णय तंत्रज्ञ येण्यापूर्वीच घ्यावा. बहुतेक घरांत केबल जेथून सहज आत येते तेथेच, म्हणजे ओसरीत किंवा दर्शनी खोलीच्या कोपऱ्यात, उपकरण बसवले जाते आणि मागच्या खोल्या कायम उपेक्षित राहतात. तंतू आणखी दहा-पंधरा मीटर आत नेल्याने प्रकाशात नगण्य घट होते. त्यामुळे घराच्या मध्यभागी, जमिनीपासून पाच ते सहा फूट उंचीवर, उघड्या जागी आणि विजेच्या बोर्डाजवळ उपकरण बसवणे सर्वांत चांगले.

काचेचा तंतू ताण बऱ्यापैकी सहन करतो, पण तीव्र वाक सहन करत नाही. घरांतर्गत वापरासाठीच्या जी.६५७ प्रकारच्या तंतूंना किमान वाकत्रिज्येची मर्यादा असते. ए१ उपप्रकारात ती १० मिलिमीटर, तर ए२ मध्ये ७.५ मिलिमीटर आहे. व्यवहारात केबलचे वळण चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान होऊ देऊ नये. ती खिळ्याभोवती गुंडाळणे, दाराच्या फटीतून नेणे किंवा घट्ट बांधणे टाळावे. भिंतीला छिद्र पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरते ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून आत येत नाही. छतावरून किंवा झाडांमधून नेलेल्या केबलला फांद्यांचे घर्षण आणि माकडांचा उपद्रव होतो, तर धान्याच्या खोलीतून नेलेल्या केबलला उंदरांचा. अशा ठिकाणी ती प्लास्टिकच्या नळीतून न्यावी.

फायबरच्या टोकाला असलेल्या हिरव्या जोडणीचे तोंड ८ अंशांच्या कोनात घासलेले असते, तर निळ्या जोडणीचे तसे नसते. हिरवी व निळी जोडणी एकमेकींत बसवू नयेत. टोकाला बोट लावल्यास त्वचेवरील तेलाने प्रकाश अडतो. तंतूतील प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असल्याने उघड्या टोकाकडे डोळा नेऊन पाहू नये.

### घरातील इथरनेट तारा

तारेने जोडलेले उपकरण वाय-फायवरील गर्दी कमी करते. म्हणून दूरचित्रवाणी, संगणक आणि कॅमेऱ्यांचा संचयक यांसारखी एका जागी राहणारी उपकरणे शक्यतो तारेने जोडावीत. कॅट-५ई प्रकारची तार १०० मीटर अंतरापर्यंत १ गिगाबिट वेग नेते. कॅट-६ तार सुमारे ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट वाहू शकते. नव्या घराचे बांधकाम चालू असल्यास प्रत्येक खोलीत विजेच्या नळीपासून वेगळी रिकामी नळी टाकून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे.

तार घेताना ती शुद्ध तांब्याची असल्याची खात्री करावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते, पण तिचा विरोध अधिक असतो आणि ती वाकवताना लवकर तुटते. गिगाबिट वेगासाठी तारेतील चारही जोड्या अखंड लागतात. १०० मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे एखादी जोडी तुटली तर जाळे बंद न पडता निमूटपणे १०० मेगाबिटवर उतरते आणि दोष महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

### राउटर

अनेक सेवादाते ओएनटी आणि राउटर एकाच उपकरणात देतात. ते स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: त्याची सर्व छिद्रे गिगाबिट आहेत का, ते ५ गिगाहर्ट्‌झवर चालते का आणि वाय-फायची कोणती पिढी त्यात आहे. सेवादात्याच्या उपकरणाला आपला जुना राउटर जोडायचा असल्यास दोहोंपैकी एकच पत्तेवाटपाचे काम करील अशी मांडणी करावी. दोन्ही ते करू लागल्यास घरात दोन वेगळी जाळी तयार होतात आणि छपाईयंत्र किंवा कॅमेरा एका जाळ्यावर, तर मोबाइल दुसऱ्यावर अशी स्थिती उद्भवते.

### वाय-फाय

वाय-फायसाठी मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ हे दोन पट्टे वापरले जातात. पहिला दूर पोहोचतो पण मंद व गर्दीचा असतो. दुसरा वेगवान असतो पण भिंतींत लवकर क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत: १, ६ आणि ११. दाट वस्तीत शेजाऱ्याच्या राउटरपेक्षा वेगळी वाहिनी निवडल्यास खर्चाविना सुधारणा होते.

घराच्या बांधणीचा परिणाम मोठा असतो. वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड माती-दगडाच्या भिंती ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी जवळजवळ अडवतात. टिनपत्रे लहरी परावर्तित करतात. पत्र्याच्या भिंतीपलीकडच्या खोलीत संकेत अत्यंत दुबळा मिळतो. लोखंडी सळ्यांच्या स्लॅबमुळे वरच्या मजल्यावरील वेग घटतो. लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी आणि मायक्रोवेव्ह यांच्यालगत राउटर ठेवू नये. कवेलूंच्या छताचा अडथळा त्यामानाने कमी असतो.

एका राउटरने घर व्यापत नसेल, तर उपायांचा क्रम असा असावा: प्रथम राउटरची जागा बदलावी, मग तारेने जोडलेला दुसरा वाय-फाय बिंदू लावावा, तार नेणे अशक्य असल्यास 'मेश' संच वापरावा. स्वस्त 'रिपीटर' एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून त्यापुढील वेग साधारण निम्मा होतो. मेशचा दुसरा संच संकेत संपतो तेथे नव्हे, तर संकेत अजून चांगला आहे अशा मधल्या जागी ठेवावा.

## वीज, उष्णता आणि वादळ

जुन्या दूरध्वनीला लागणारी वीज तांब्याच्या तारेतून केंद्राकडूनच येत असे. म्हणून घरातील दिवे गेले तरी दूरध्वनी चालू राही. काच वीज वाहून नेत नाही. त्यामुळे फायबर जोडणीत घरची वीज गेली की ओएनटी बंद पडते. बहुतेक घरगुती ओएनटी आणि राउटर १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात व त्यांना अल्प शक्ती लागते. याच व्होल्टतेचा छोटा 'मिनी यूपीएस' घेतल्यास दोन ते चार तास जोडणी टिकू शकते. तो घेताना व्होल्टता, अँपिअर आणि पिनेची ध्रुवता जुन्या अ‍ॅडॉप्टरवरील आकड्यांशी जुळवून पाहावी. ओएनटी आणि राउटर वेगळे असल्यास दोहोंना आधार हवा. सेवादात्याच्या स्थानिक केंद्रालाही बॅटरीची सोय आहे का, याची चौकशी आधीच करावी. ती नसेल तर घरातील यूपीएस निरुपयोगी ठरतो.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तर अनेक राउटरांची कमाल कार्यमर्यादा ४० अंशांचीच असते. टिनपत्र्याखाली किंवा बंद कपाटात ठेवलेले उपकरण दुपारी वारंवार बंद पडण्याचे हे एक कारण आहे. उपकरणाभोवती हवा खेळती ठेवावी. ते कूलरच्या थेट झोतात ठेवणे मात्र चूक. दमट हवेने जोडण्या गंजतात.

मान्सूनपूर्व वादळांत विजेचा धोका असतो. निव्वळ काचेच्या तंतूतून वीज येत नाही. परंतु हवेतून नेलेल्या काही केबलींत आधारासाठी पोलादी तार असते, आणि वीजपुरवठ्याच्या बोर्डातून लाट येऊ शकते. पोलादी तार घरात आणू नये, बाहेरच कापून घ्यावी. घराचे भूसंपर्कन तपासून घ्यावे. घर आणि गोठा किंवा शेजारची इमारत यांच्यात तांब्याची इथरनेट तार उघड्यावरून नेल्यास जवळ पडलेल्या विजेने दोन्ही टोकांची उपकरणे जळू शकतात. तेथे फायबर किंवा बिनतारी दुवा वापरावा. गडगडाट सुरू होताच अ‍ॅडॉप्टर आणि लांब इथरनेट तारा काढून ठेवणे ही सर्वांत खात्रीची खबरदारी होय.

## सुरक्षा

फायबर जोडणी दिवसरात्र चालू राहते. त्यामुळे असुरक्षित राउटर सतत उघडा राहतो. पुढील बाबी पहिल्याच दिवशी कराव्यात.

* राउटरच्या नियंत्रणपानाचा कारखान्यातून आलेला संकेतशब्द बदलावा. वाय-फायचा संकेतशब्द त्याहून वेगळा असावा.
* सुरक्षा-प्रकार डब्ल्यूपीए३ किंवा किमान डब्ल्यूपीए२ निवडावा. मोबाइल क्रमांक, गावाचे नाव किंवा जन्मवर्ष संकेतशब्दात घेऊ नये.
* बटण दाबून जोडणी देणारी डब्ल्यूपीएस सोय बंद करावी.
* पाहुणे आणि शेजाऱ्यांसाठी स्वतंत्र 'अतिथी जाळे' ठेवावे. कॅमेरे आणि स्मार्ट उपकरणेही शक्य तेथे वेगळ्या जाळ्यावर ठेवावीत.
* राउटरची आज्ञावली अद्ययावत करावी.

गावात एका घरची जोडणी चार घरांनी वापरण्याची प्रथा आढळते. तिच्यामागे सौजन्य असले, तरी त्या जोडणीवरून झालेल्या गैरकृत्याची चौकशी प्रथम नोंदणीकृत ग्राहकाकडे येते, हे ध्यानात ठेवावे.

अनेक सेवादाते अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता वाटून देतात. त्यामुळे शेतातील किंवा घरातील कॅमेरा बाहेरगावाहून थेट पाहता येत नाही. आयपीव्ही६ चालू करणे, स्थिर पत्ता विकत घेणे किंवा कॅमेरा-उत्पादकाची सेवा वापरणे हे त्यावरील मार्ग आहेत.

## जोडणीच्या दिवशी पडताळणी

तंत्रज्ञ परत जाण्यापूर्वी गिगाबिट छिद्र असलेला संगणक तारेने थेट ओएनटीला जोडून वेग मोजावा आणि योजनेतील वेगाशी ताडून पाहावा. प्रकाशशक्तीचा आकडा, ओएनटीचा अनुक्रमांक, ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक एका वहीत लिहावा. योजनेत ठरावीक माहितीवापरानंतर वेग कमी होतो का आणि वरच्या दिशेचा वेग किती, हेही विचारावे. जुनी जोडणी निदान आठवडाभर चालू ठेवून मगच बंद करणे शहाणपणाचे असते.

## दोषनिदान

ओएनटीवरील 'एलओएस' हा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाश पोहोचत नाही असे समजावे. कोपऱ्यातील केबल वाकली किंवा निसटली नाही ना, एवढेच ग्राहकाने पाहावे. बाकी दुरुस्ती तंत्रज्ञाची आहे. 'पॉन' दिवा लुकलुकत राहिल्यास केंद्राकडे उपकरणाची नोंदणी झालेली नसते. सर्व दिवे नेहमीप्रमाणे असून केवळ एकाच मोबाइलवर आंतरजाल मंद असेल, तर दोष त्या मोबाइलचा किंवा वाय-फायचा असतो. फक्त रात्री आठ ते अकरा या वेळेत सर्वत्र वेग घटत असेल, तर विभागणीच्या तंतूवर किंवा सेवादात्याच्या पुढील जोडणीवर गर्दी असण्याची शक्यता असते.

तक्रार नोंदवताना तिचा क्रमांक मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक सेवादात्याकडे तक्रार केंद्र आणि त्यावर अपील प्राधिकरण असणे बंधनकारक आहे. दिनांक, वेळ आणि तारेने मोजलेला वेग यांची लेखी नोंद जोडलेली तक्रार टाळणे सेवादात्याला अवघड जाते.

## मर्यादा आणि सामाजिक संदर्भ

घरातील तयारी कितीही चोख असली, तरी रस्ता रुंदीकरणात तुटलेली केबल किंवा केंद्रातील बंद बॅटरी यांवर ग्राहकाचा इलाज चालत नाही. अर्जाच्या मुदतीसारख्या प्रसंगी मोबाइलचे हॉटस्पॉट पर्याय म्हणून तयार ठेवणे आवश्यक असते. तसेच प्रत्येक कुटुंबाला मासिक शुल्क परवडत नाही. अशा वेळी ग्रामपंचायत, शाळा किंवा सार्वजनिक वाचनालय यांतील एक सुस्थितीतील जोडणी अनेक विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडू शकते. या लेखातील तयारी — मध्यवर्ती जागा, अखंड तार, विजेचा आधार आणि वेगळे अतिथी जाळे — अशा सामायिक ठिकाणी तर अधिकच लागू होते. कारण तेथे एक उपकरण बंद पडले, तर एका घराचे नव्हे, संपूर्ण वर्गाचे काम थांबते.

## हे सुद्धा पहा

* प्रकाशीय तंतू
* भारतनेट
* वाय-फाय
* इथरनेट
* भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण
* कारंजा
* वाशीम जिल्हा